हमिंग कुठून येतंय, ते आधी ऐका

व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्पमध्ये हमिंग आलं की आधी फिल्टरचे कंडेन्सर बदलून टाकायचे, अशी आपल्याकडे सवयच पडून गेली आहे. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आवाज कधी जातो, कधी तसाच राहतो. राहिला की मग व्हॉल्व्ह बदलायचे, मग ट्रान्सफॉर्मरवर संशय घ्यायचा. पोरांनो, या वाटेने जाऊ नका. मला हे काम ज्यांनी शिकवलं ते मास्तर रेडिओच्या जमान्यातले. मर्फी, फिलिप्स, बुश असे व्हॉल्व्हचे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले. सोल्डरिंग आयर्न तापायला लावण्याआधी ते सेट चालू करून नुसते ऐकत बसायचे. त्यांच्याकडून मिळालेलं आणि पुढे गिटार ॲम्पवर काम करताना पारखून घेतलेलं जे काही आहे, ते तुमच्या हवाली करतो. पहिला मंत्र हाच: ऐकल्याशिवाय एकही स्क्रू काढायचा नाही.

काय ऐकायचं, ते नीट समजून घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती जशीच्या तशी ॲम्पच्या नाजूक भागात शिरली की खोल, गोलसर घूंऽऽ असा आवाज येतो. तीच वीज रेक्टिफायरमधून गेली की खालच्या अर्ध्या लाटाही वर येतात, आणि डीसीवर जी लहर उरते ती १०० हर्ट्झची होते. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचा फरक. तो ओळखायला मीटर लागत नाही. गिटार घ्या, नीट ट्यून करा, सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसरा फ्रेट दाबा. हा जी ९८ हर्ट्झचा. हमिंग या स्वराला जवळजवळ चिकटून, किंचित वर असेल तर ते १०० हर्ट्झ. तार वाजती ठेवून कान दिलात तर दोन्ही आवाज मिळून सेकंदाला दोन वेळा वरखाली झालेले ऐकू येतील. हमिंग त्या स्वराच्या एक सप्तक खाली असेल तर ते ५० हर्ट्झ. एवढं मात्र ध्यानात ठेवा की आठ किंवा दहा इंची लहान स्पीकरला ५० हर्ट्झ धड वाजवताच येत नाही. अशा वेळी ॲम्पला मोठा कॅबिनेट जोडून ऐका, नाहीतर कान फसेल. अमेरिकन पुस्तकांत आणि व्हिडिओंत ६० आणि १२० हे आकडे भेटतील, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची आहे. तिथला आकडा इथे लावून घोटाळा करून घेऊ नका.

५० म्हटलं की संशय हीटरवर, गिटारच्या पिकअपवर, इनपुटकडच्या वायरवर, अर्थिंगवर आणि बायसच्या सप्लायवर. १०० म्हटलं की फिल्टरवर किंवा पॉवर व्हॉल्व्हच्या बिघडलेल्या जोडीवर. आणि आवाज गोल नसून चरचरीत, काठाला धार असलेला असेल, तर ती बाहेरची घाण असते.

म्हणूनच ॲम्प उघडण्याआधी खोली तपासा. गिटारची पिन काढा. हमिंग गेलं? मग ॲम्प बहुतेक निर्दोष आहे, गिटार आणि कॉर्ड तपासायची. सिंगल कॉइलची गिटार असेल तर ती हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला आवाज वाढतो, दुसऱ्या दिशेला जवळजवळ मरतो, असं झालं तर पिकअप खोलीतलं चुंबकीय क्षेत्र उचलतेय. याच दुखण्यावर उपाय म्हणून गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी उलट गुंडाळलेल्या दोन कॉइलची पिकअप तयार केली. १९५५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून हंबकर गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागली. सिंगल कॉइलवाल्याला तुम्ही एवढंच सांगायचं की ॲम्पपासून चार पावलं लांब उभा राहा आणि तोंड जरा वळव. तारांना हात लावला की चरचर कमी होते, हे मात्र साधारण गिटारचं लक्षण आहे. हात लावल्यावर ती वाढली, तर गिटारमधली अर्थची तार तुटली आहे किंवा जॅकवर उलटी लागली आहे.

आता पंख्याकडे बघा. आपल्या घरांत, हॉलमध्ये, रिहर्सलच्या खोल्यांत गोल बटणाचा, सतत फिरणारा जो इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो, तो लाट मध्येच कापतो आणि ती चरचर थेट ॲम्पमध्ये येते. पंखा पूर्ण वेगावर करा, किंवा बंद करा, आणि फरक ऐका. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या, कंडेन्सरवाल्या रेग्युलेटरचा हा त्रास नसतो. स्वस्त एलईडी दिवे, लॅपटॉपचा चार्जर, दिव्याचा डिमर हेही असेच. एकेक बंद करत जा.

अर्थिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे चूक झाली तर माणूस जातो. गिटारच्या तारा कॉर्डच्या जाळीतून ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याचा हात चॅसीवरच असतो. हमिंग घालवायला तीन पिनांतली मोठी पिन काढून टाकायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेल, आणि तिने कधीकधी हमिंग जातंही. तरीही ती करायची नाही. कोणासाठीही नाही, एका कार्यक्रमापुरतीही नाही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वे मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना असाच विजेच्या धक्क्याने गेला. तेव्हा आधी मीटर लावून बोर्डाचं अर्थिंग बघा. फेज आणि अर्थमध्ये जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोनतीन व्होल्टपेक्षा जास्त असू नयेत. जास्त दिसले तर वायरमनला बोलवा, ते काम तुमचं नाही.

हमिंग फक्त ॲम्पला कीबोर्ड, मिक्सर किंवा दुसरा ॲम्प जोडल्यावरच येत असेल, तर तो लूप आहे. दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवरून अर्थ घेतात आणि ऑडिओच्या तारेने पुन्हा एकमेकांना जोडली जातात. त्या चकरेत प्रवाह फिरतो. सगळ्यांची वीज एकाच बोर्डावरून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घालून त्याचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. तो ऑडिओच्या तारेचा अर्थ तोडतो, विजेचा नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे नेहमी दिसते. अमेरिकेहून कोणा मामाने किंवा मोठ्या भावाने हौसेने आणलेला ११० किंवा १२० व्होल्टचा ॲम्प. तो स्टेपडाउनवर चालवतात. बाजारातल्या बऱ्याच स्टेपडाउन डब्यांना दोनच भोकांचं सॉकेट असतं, त्यामुळे ॲम्पची अर्थ पिन कुठेही पोचतच नाही. हमिंगही येतं आणि धोकाही राहतो. डबा उघडून अर्थची वायर भिंतीच्या पिनेपासून सॉकेटपर्यंत सलग आहे का, हे मीटरने तपासा. नसेल तर तीन भोकांचं सॉकेट बसवून अर्थची वायर तिथपर्यंत ओढून घ्या. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की जास्त तापतो आणि त्याच्याभोवतीचं क्षेत्रही वाढतं. म्हणजे ॲम्पमध्ये कसलाही बिघाड नसताना तो इथे तिथल्यापेक्षा जास्त घुमतो. अशा मालकाला हे खरं कारण सांगा आणि स्टेपडाउनचा डबा ॲम्पपासून दूर ठेवायला लावा. उगाच पार्ट बदलू नका.

इतकं करूनही आवाज राहिला, तर आता ॲम्प. पण उघडण्याआधी बटणं फिरवा. व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर हमिंग गेलं तर उगम व्हॉल्यूमच्या अलीकडे, म्हणजे इनपुट आणि पहिल्या व्हॉल्व्हपाशी. तसंच राहिलं तर पलीकडे. रिव्हर्बचं बटण वाढवल्यावर वाढत असेल तर रिव्हर्बच्या टँकची तार बघा. टँक मेन ट्रान्सफॉर्मरजवळ आला असेल तर तो उलट बाजूने फिरवून बसवा.

ॲम्प बंद करा, वायर भिंतीतून काढा, पहिला छोटा व्हॉल्व्ह, म्हणजे बहुतेक ठिकाणी ईसीसी ८३, अमेरिकन नावाने १२एएक्स७, उपसा आणि ॲम्प पुन्हा लावा. मग दुसरा. मग पॉवर व्हॉल्व्हच्या शेजारचा, फेज उलटवणारा. ज्या व्हॉल्व्हबरोबर हमिंग गेलं, त्याच्यात किंवा त्याच्या अलीकडे दोष. काही ॲम्पमध्ये छोट्या व्हॉल्व्हचे हीटर सिरीजमध्ये असतात, तिथे एक काढला की बाकीचेही थंड पडतात, म्हणून आधी सर्किट बघून घ्या. दोषी व्हॉल्व्हच्या जागी खात्रीचा व्हॉल्व्ह लावून बघणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. हीटर आणि कॅथोडमधलं इन्सुलेशन खराब झालं की ईसीसी ८३ हुबेहूब ५० हर्ट्झ देते, आणि टेस्टरवर ती पुष्कळदा चांगलीच दिसते.

सगळे छोटे व्हॉल्व्ह काढूनही हमिंग कायम? मग पॉवरचा भाग. स्पीकर कधीही काढायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळेल. कान स्पीकरला लावा, मग मेन ट्रान्सफॉर्मरला. आवाज स्पीकरमधून नसून ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांतून येत असेल, तर ती नुसती थरथर आहे. बोल्ट आवळा, खाली रबर द्या.

इथून पुढे चॅसी उघडावी लागते. ईएल ३४ किंवा ६एल६ च्या ॲम्पमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात, आणि बटण बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये बसून राहतात. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्सला इन्सुलेशनवाले क्लिप लावून ठेवा. एक क्लिप चॅसीला, दुसरा कंडेन्सरच्या प्लसला, दहापंधरा सेकंद. नंतर मीटरने मोजा. प्रत्येक कंडेन्सर वेगळा मोजा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करणारे बघितलेत, त्यांचं ऐकू नका. चालू ॲम्पमध्ये मोजताना डावा हात खिशात. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा, १०० वॅटचा जुन्या धर्तीचा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. ज्याला हे सगळं नवीन आहे त्याने चॅसी उघडू नये, जाणत्याच्या शेजारी बसून आधी बघावं.

हीटरपासून सुरुवात करा. ६.३ व्होल्टच्या एसीच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कोपऱ्यातून नेलेल्या असाव्यात, ग्रिडच्या तारेपासून लांब. पीळ सैल असेल, तर तो घट्ट करण्यानेच अर्धं काम होतं. मग हे बघा: ट्रान्सफॉर्मरच्या हीटरला मधला टॅप नसेल, तर दोन्ही बाजूंकडून चॅसीला एकेक १०० ओहमचा रेझिस्टन्स दिलेला असतो. ॲम्प बंद, वायर काढलेली, मीटर ओहमवर. हीटरची कोणतीही एक तार आणि चॅसी यांत मोजा. जवळपास ५० आलं पाहिजे, कारण ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून दोन्ही रेझिस्टन्स समांतर दिसतात. १०० आले तर एक जळलाय. काहीच आलं नाही तर दोन्ही. पॉवर व्हॉल्व्ह आतून शॉर्ट होऊन गेला की हे बिचारे छोटे रेझिस्टन्स त्याच्याबरोबर जातात, नवा व्हॉल्व्ह लावणारा त्यांच्याकडे बघत नाही आणि ॲम्प घुमत परत येतो. व्हॉल्व्ह जळाल्याची तक्रार आणि नंतर हमिंग, अशी जोडी आली की माझा हात आधी इथे जातो. हे सगळं ठीक असून थोडं ५० उरलंच, तर त्या दोघांच्या जागी १०० ते ५०० ओहमचा पॉट घालून मधला पाय चॅसीला द्या आणि हमिंग सगळ्यात कमी होईल तिथे थांबा.

बायसकडे फार थोडे लोक बघतात. मार्शलचा पहिला जेटीएम ४५ लंडनमध्ये १९६२ च्या सुमारास फेंडर बेसमनच्या सर्किटवरून उतरवला गेला, त्यामुळे या दोन्ही घराण्यांत बायसचा सप्लाय सारखाच: एक डायोड, एक-दोन लहान कंडेन्सर. एकच डायोड म्हणजे अर्धी लाट, म्हणून तो कंडेन्सर सुकला की लहर ५० ची येते, आणि माणूस हीटरमध्ये शोधत बसतो. पॉवर व्हॉल्व्हची जोडी जुळलेली असेल तर ही लहर बरीचशी आपसांत कटते आणि दोष लपतो. जोडी जरा विषम झाली की तो उघडा पडतो. बदलताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: बायस ऋण असतो, म्हणून कंडेन्सरचं प्लस टोक चॅसीकडे जातं. सवयीने उलटा लावला तर तो फुगतो, बायस जातो, आणि ईएल ३४ ची प्लेट लाल व्हायला वेळ लागत नाही.

आता फिल्टर, ज्यांना सगळे पहिल्यांदा हात घालतात. १०० हर्ट्झ पक्कं असेल आणि छोटे व्हॉल्व्ह काढूनही राहात असेल, तर आधी पॉवर व्हॉल्व्ह तपासा. दोघांतून सारखा प्रवाह जात नसेल तर लहर कटत नाही, कंडेन्सर नवे असले तरी. जोडी बरोबर असेल तरच फिल्टर. संशयित कंडेन्सर ओळखायला ॲम्प बंद करून, रिकामा करून, त्याला समांतर तेवढ्याच किमतीचा आणि निदान तेवढ्याच व्होल्टेजचा चांगला कंडेन्सर क्लिपने जोडा, मग चालू करून ऐका. चालू ॲम्पला क्लिप लावायला जाऊ नका. हमिंग पडलं तर तो जुना कंडेन्सर काढा. त्याला तसाच ठेवून वर नवा जोडणं चुकीचं. एकाच डब्यात ३२ अधिक ३२ असे दोन असतील आणि एक गेला, तर दुसऱ्याचा भरवसा धरू नका. विकत घेताना, लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्यात तपकीर गल्लीत, जुना साठवलेला माल घेऊ नका. पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक नुसता दिसायला नवा असतो.

कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या कारागिरांना एक वेगळं सांगतो. खाऱ्या दमट हवेत अर्थचे नट, इनपुट जॅकचे नट आणि ट्रान्सफॉर्मरचा चॅसीवरचा बोल्ट यांच्याखाली गंज धरतो. बाहेरून चकचकीत, आतून रेझिस्टन्स. नट सोडवा, चॅसीचा पत्रा घासून उघडा करा, दातेरी वॉशर घालून आवळा. इनपुट जॅकमध्ये, पिन काढल्यावर इनपुट चॅसीला शॉर्ट करणारी एक पट्टी असते, तिच्यावर काळपट थर आला की कॉर्ड नसताना ॲम्प घुमतो आणि कॉर्ड लावली की गप्प होतो. हे लक्षण दिसलं की बाकी काही शोधू नका, पट्टी साफ करा. पावसाळ्यानंतर येणाऱ्या ॲम्पमध्ये मी हेच दोन आधी करतो, आणि पुष्कळदा पुढे जावंच लागत नाही. सैल सांधा शोधायला सुकी बांबूची काडी घ्या आणि चालू ॲम्पमध्ये एकेक तार, एकेक डाग हलकेच ढकला. जिथे आवाज बदलेल तिथे नवा डाग द्या.

शेवटी, किती हमिंग चालायचं? फेंडर चॅम्पसारख्या एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये लहर कटायला दुसरी बाजूच नसते. खोलीत शांतता असताना थोडं ऐकू येणारच. तिथे फिल्टर भरमसाट वाढवू नका. व्हॉल्व्हचा रेक्टिफायर पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ओलांडली की लवकर मरतो, आणि वाजवताना ॲम्पचा प्रतिसादही बदलतो. वाजवायला लागल्यावर ऐकू न येणारं हमिंग हा बिघाड नव्हे, असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

आणि काम झालं की चॅसीच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा. कोणते कंडेन्सर बदलले, किती मायक्रोफॅरड, किती व्होल्टचे, बायस किती ठेवला, तारीख काय, आणि हमिंग ५० चं होतं की १००. पुढे कधीतरी तो ॲम्प दुसऱ्या कोणाच्या टेबलावर जाईल, त्याला पहिल्यापासून शोधायला लावू नका.